घासलेला जोड

पुंजाजींनी केलेल्या गेटाचा जोड कधी हाताला लागत नसे. वेल्डिंग झालं की ते ग्राइंडरनं उंचवटा घासून पार गुळगुळीत करत. मोताळ्यात त्यांचं नाव होतं ते त्यामुळेच. त्यांच्या दोन्ही पोरांना, रवीला आणि मनालीला, डोंगरात चालवायला मोठ्या चाकांच्या सायकली हव्या होत्या आणि तसली चाकं बाजारातल्या कुठल्याच सांगाड्यात मावेनात. मग मनालीनं दुकानाच्या फरशीवर खडूनं सांगाडा काढला, पुंजाजींनी पाइप कापले, आणि दोघांसाठी सारख्याच दोन सायकली उभ्या राहिल्या. आठवडाभर दोघांनी त्या पांदणीतल्या दगडधोंड्यांवरून पिटाळल्या. आज रवी उजाडतानाच घाटाकडे निघाला. मनाली हँडल घट्ट करून घ्यायला दुकानात थांबली. ती सायकलवर बसलेली असतानाच, पाना फिरवता फिरवता पुंजाजींना हँडलखालच्या जोडावर केसाएवढी रेघ दिसली. त्यांनी नखानं रंग खरवडला. रेघ खाली लोखंडातही होती. "उतर," ते म्हणाले. "काऊन, बाबा?" "उतर म्हणतो ना. जोडाची ताकदच घासून टाकली म्या, गेटावानी. गेट जाग्यावर उभं राह्यते पोरी, सायकल आदळते." मनालीनं उतरून जोडावरून अंगठा फिरवला. काहीच लागलं नाही. "मंग रवीची?" पुंजाजींनी फोन लावला. रिंग जात राहिली. पुन्हा लावला. "घाट चढाले लय वेळ लागते," ते म्हणाले, "चढताना काही होत नाही." मनालीनं दुकानातल्या घड्याळाकडे पाहिलं. "चढून कवाच झाला असन, बाबा. आता उतारावर असन."