आईशेजारची जागा

“अग्नीच द्यायचा,” इसाओसान म्हणाले. “अस्थी मी मात्सुयामाला नेणार. आईच्या शेजारी जागा आहे तिची.”

“पण चियोसानला माती हवी होती,” शुभा म्हणाली. सकाळपासून ती हेच सांगत होती.

जर्मनीत, ब्राउनश्वाइगमधल्या त्या ऑफिसात चौघं बसले होते. टेबलामागे हेर, म्हणजे श्रीयुत, बेरेन्स, अंत्यविधीचं सगळं बघणारे. समोर चियोसानचा धाकटा भाऊ इसाओ, कालच जपानहून आलेला. आणि चियोसानच्या खालच्या मजल्यावर राहणारं पुण्याचं जोडपं, शुभा आणि सुधीर. इसाओसान जन्मभर जहाजावर इंजिनियर, त्यामुळे बोलणं इंग्रजीत चाललं होतं.

शुभा चियोसानची नात्याने कोणीच नव्हती. हट्ट मात्र सख्ख्या बहिणीचा.

“शुभा, भावाचा हक्क आहे तो,” सुधीर मराठीत पुटपुटला. “आपण कशाला लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या?”

“अहो, तुम्ही गप्प बसा जरा.”

इसाओसानना मराठी कळत नव्हतं, पण सूर कळला असावा. ते समजुतीने म्हणाले, “आमच्याकडे आता कोणी पुरत नाही. अग्नी देतात, मग घरची माणसं चॉपस्टिकने अस्थी वेचतात आणि घराण्याच्या थडग्यात ठेवतात. गेल्या उन्हाळ्यात चियो आली होती. थडगं धुताना स्वतःची जागा हाताने पुसून म्हणाली, ही माझी. आणि महिन्याभरापूर्वी फोनवर एकदम म्हणते, मला इथेच पुरा. का?”

“तिने आयुष्यभर मातीवर संशोधन केलं,” शुभा म्हणाली. “मला म्हणायची, मातीचं खाल्लं, मातीलाच परत देऊ. आणि पुरणं काही वाईट नसतं. आमच्यात लिंगायत लोक पुरतातच की.”

“तो फोन तुम्हीच धरला होता ना तिच्या कानाला?”

“हो. तिचे हात गेले होते तोवर.”

शुभाने चियोसानला पढवलं असावं हा संशय इसाओसानच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होता. शुभाला तो लागला. पण तिने चियोसानला शब्द दिला होता, आणि तो आज या खोलीत मोडला तर पुढे काय, याचा विचारही तिला करवत नव्हता.

हेर बेरेन्सनी घसा खाकरला. “आल्झो, म्हणजे असं बघा, दफनाला अडचण नाही. घरच्या डॉक्टरांनी आजाराने मृत्यू असं लिहून दिलंय, तेवढं पुरतं. दहन असेल तर सरकारी डॉक्टर पुन्हा एकदा मृतदेह तपासतात. तसा नियमच आहे. त्यात थोडा वेळ जाईल.”

“गेला तर जाऊ दे. मी थांबेन.”

“नको!” शुभा एवढ्या जोरात म्हणाली की सुधीर दचकला. तिने आवाज खाली आणला. “म्हणजे, तिचे फार हाल झालेत हो. आता पुन्हा कोणी तिला उघडं करून बघायचं, उलटंसुलटं करायचं... नको ना.”

तिचे डोळे भरून आले. सुधीरने तिच्या पाठीवर हात ठेवला. त्यालाच आता राहवेना.

“हिने फार केलं हो त्यांचं,” तो इसाओसानना म्हणाला. “रोज संध्याकाळी पेज करून वर न्यायची. भाताचीच असते, तुमच्याकडेही करतात तशी. एकेक चमचा भरवायची. त्यांचा शेवटचा घाससुद्धा हिच्याच हातचा. आणि तोही गोड! एरवी तूप-मीठ घालते, त्या दिवशी साखर घातली. घरातली साखर संपली, माझा चहा राहिला.”

इसाओसाननी मान वर केली. “चियोने साखरेची पेज खाल्ली?”

“सगळी,” शुभा म्हणाली.

“तिला गोड अजिबात चालायचं नाही. लहानपणीसुद्धा.”

“त्या दिवशी तिनेच मागितली.”

इसाओसान शुभाच्या हातांकडे बघत राहिले. तिने ते मांडीवर घट्ट धरले होते. आता हा माणूस उठेल आणि सगळं संपेल, असं तिला वाटलं.

“हे तिने स्वतः ठरवलं?” त्यांनी विचारलं. “माझ्याकडे बघून सांगा.”

शुभाने बघितलं. “तिनेच ठरवलं. मी नको म्हणत होते. किती वेळा म्हटलं, आईजवळ जा.”

इसाओसाननी डोळे मिटले, मग हेर बेरेन्सकडे वळले.

“माती,” ते म्हणाले. “फक्त तिच्या केसांची एक बट मला द्या. ती आईजवळ ठेवीन.”

“गेनाऊ, तसंच करू,” हेर बेरेन्स म्हणाले आणि लगेच दफनभूमीला फोन लावायला घेतला. सुधीरने सुटकेचा निःश्वास टाकला. बहिणीच्या शब्दाखातर भाऊ नमला, याचं त्याला फार कौतुक वाटलं. गाडी आणतो म्हणून तो पुढे गेला.

फुटपाथवर दोघंच उरले. इसाओसान शुभासमोर कमरेत वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. तिला काय करावं कळेना.

“दुसऱ्या डॉक्टरने बघू नये, म्हणून तिने आईशेजारची जागा सोडली,” सरळ होत ते हळूच म्हणाले. “तुमच्यासाठी.”

शुभा रडू लागली.

“पेजेतलं औषध फार कडू होतं का?”

“म्हणून तर साखर घातली,” ती म्हणाली.