परसातलं लिंबू

सिडनीतल्या त्या भाड्याच्या घरात नोरीनची एकवीस वर्षं गेली होती. एक नवं जोडपं जास्त भाडं द्यायला तयार झालं आणि मालकाने तिला घर सोडायला सांगितलं. सामान ट्रकमध्ये चढलं तरी ती परसातल्या झाडाची लिंबं ओरबाडून पोत्यात कोंबत होती.

“अगं, हिरवी तरी राहू दे,” तिचा नवरा डेस म्हणाला. “दुकान टाकणार आहेस का?”

“कुजवीन, पण त्यांच्या तोंडी एक लागू देणार नाही. पैसे फेकून दुसऱ्याचं घर बळकावतात मेले.”

सिडनीपासून लांब, टॅमवर्थ गावात भाडी निम्म्याने कमी होती. त्यांनी पाहिलेल्या घरात अजून जुनी भाडेकरू राहत होती. भांडी विसळताना तिने मान वर केली नाही. परसातलं लिंबाचं झाड मात्र लगडलेलं होतं.

“ही देते त्याहून चाळीस डॉलर जास्त सांग,” नोरीनने डेसला कोपराने ढोसलं. “सिडनीच्या मानाने काहीच नाही.”

घर त्यांनाच मिळालं. पहिल्या सकाळी ती टोपली घेऊन परसात गेली.



झाडावर एकही लिंबू नव्हतं. हिरवंसुद्धा.