दमेकऱ्याचा दोर

“बाबा, तुम्ही घरी परत कधी येणार?”

आरशासमोर लेकीला प्रश्न झकास जमला. पण मैत्रिणींनी पैज लावली होती ती वेगळीच. “आई आणि बाबा दोघं समोर असताना विचारायचं. खणखणीत! पुटपुटलीस तर बाद,” असं त्यांच्यातल्या चष्मिसने बजावलं होतं. शाळेत वक्तृत्वाची ढाल जिंकल्यापासून लेक कोणाच्या बापाला घाबरत नव्हती. स्वतःच्या बापाला मात्र अजून जरा घाबरत होती.

आणि अडचण अशी, की आई-बाबा समोरासमोर बसायचे ते फक्त लाईट गेल्यावर.

उन्हाळ्यात बाबा आपल्या वर्कशॉपच्या माडीवर राहायला गेले ते गेलेच. कपाट कुठल्या भिंतीला लावायचं यावरून सुरू झालेलं भांडण पार माहेर-सासरापर्यंत पोहोचलं होतं. आता राग कधीच विरला होता, पण आधी कोणी बोलवायचं आणि आधी कोणी यायचं, इथे गाडी अडली होती. मोडेन पण वाकणार नाही, या एका गुणात जोडा अगदी शोभून दिसायचा.

लाईट गेली की गोष्ट निराळी. अंगणातला लाल जनरेटर बाबांशिवाय कोणाला दाद देत नसे. बाबांनीच तो भंगारातून उचलून उभा केलेला. सुरू व्हायच्या आधी तीनदा खोकायचा, म्हणून त्याचं नाव दमेकरी. दोर आधी हळूच ओढायचा आणि मग एकदम हिसका द्यायचा, ती खुबी बाबांच्याच मनगटात होती. त्यामुळे लाईट गेली की लेक फोन करायची, “बाबा, फ्रीजमधलं दूध नासेल हो!” आणि बाबा सायकल काढायचे. म्हणे दुधासाठी.

हल्ली लाईट जरा जास्तच जायला लागली होती.

आज संध्याकाळी गणिताची वही मिटून ती उठली. जिन्याखाली, मीटरशेजारच्या फळीवर मेणबत्त्या असायच्या. उजेड आहे तोवर त्या काढून ठेवाव्यात, म्हणून ती तिकडे निघाली. जिन्याकडे जाणाऱ्या बोळाच्या तोंडाशी पोहोचते तोच डोक्यावरचा पंखा घरघरत थांबला.

“गेली बघ!” आई मेणबत्त्या हातात घेऊनच समोर आली. “तू बस अभ्यासाला. फोन मी लावते.”

लेक बघतच राहिली. उन्हाळ्यापासून आईने बाबांना एकदाही फोन लावला नव्हता.

ओट्यावर चहाचे कप काढून ठेवलेले होते. तीन.

बाबा धापा टाकत आले. “शेजारी उजेड दिसतोय?”

“त्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे,” आई म्हणाली. “त्यांना कशाचं सोयर ना सुतक.”

पुढचं सगळं नेहमीसारखं. बाबांनी दमेकऱ्याला ढकलत अंगणाच्या टोकाला, कुंपणाशी नेलं आणि त्याचं धुराडं घराकडे पाठ करून ठेवलं. आईने खिडक्या लावल्या आणि टॉर्च धरला.

“जरा इकडे धर. माझ्या तोंडावर काय मारतेस?”

“बघत होते, वर्कशॉपमध्ये कोणी जेवायला घालतं की नाही ते.”

दमेकरी तीनदा खोकला आणि धडधडायला लागला. दाराखालून एक वायर आत आली. एक दिवा, एक फ्रीज. बस्स. तिघं त्या एका दिव्याभोवती खाली बसली, आणि लेकीला एकदम पाच वर्षांची झाल्यासारखं वाटलं. तेव्हा लाईट तास न् तास यायची नाही. बाबा भिंतीवर बोटांचा उंट चालवायचे, आई बेसूर गायची, आणि दमेकऱ्याच्या आवाजात भांडायची सोयच नव्हती. ‘मीठ दे’सुद्धा ओरडून सांगावं लागायचं.

“हिने दमेकऱ्याला दूध पाजलं होतं, आठवतं?” बाबा म्हणाले.

“वाटी भरून! वर म्हणाली, खोकला झालाय, गरम करून दे.”

“बाबा, मी लहान होते!”

“आता कोण मोठी झालीय?” म्हणत बाबांनी बोटं जुळवली. भिंतीवर उंट आला. आईने त्याच्यासमोर आपला हात धरला. तिची नेहमीची बदकीण. उंट आणि बदकीण एकमेकांकडे बघत राहिले.

आत्ता नाही तर कधीच नाही!

“बाबा, तुम्ही घरी परत कधी येणार?”

खणखणीत आला आवाज. उंट विरघळला. बदकीणही.

बाबांनी चहाचा कप उगाच फिरवला. “कोणी बोलवायला तर हवं.”

“मी केला ना आज फोन,” आई खाली बघत म्हणाली.

“तो लाईटसाठी केलास. माझ्यासाठी कुठे?”

आई कप गोळा करायला लागली. बाबा गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि चपलेत पाय घातला. “दमेकरी चालू आहे. लाईट आली की बंद करायला फोन करा.”

हे असंच राहिलं तर पुढच्या उन्हाळ्यातही कपाट त्याच भिंतीला आणि बाबा त्याच माडीवर. लेक ताडकन उठून दारात आडवी उभी राहिली. ढाल जिंकताना उभी होती, अगदी तशी.

“मी एक ठरवलंय. दोघांनीही ऐका. मेन स्विच बंद करायचं काम मी आजपासून सोडलं. कारण आज, बाबा, मी जिन्याखाली पोहोचायच्या आत आईनेच तो बंद केला होता.”