वगळलेलं दार

रखमाकाकीच्या दाराशी येताच दीपिकाने टॉर्च खाली केला आणि न थांबता पुढे गेली.

थांबायला हवं होतं. लाइट गेली की तिसऱ्या मजल्यावर कुणाकुणाचं दार वाजवायचं हे ठरलेलं होतं, आणि त्यात हे दार पहिलं होतं. रखमाकाकी एकटी राहायची. तिला दमा होता. हवा अशी कोंदली की तिला वाफेचं मशीन लागायचं, आणि वीज आता सगळ्या चाळीत एकाच जागी होती, तळमजल्यावर, गणपती मंडळाच्या हॉलमध्ये.

मागच्या वादळात काळाचौकीतली ही चाळ रात्रभर अंधारात बसली होती. त्यानंतर मंडळाने गच्चीवर सोलर बसवला. डेकोरेशनचं सामान ठेवायच्या खोलीत बॅटऱ्या आल्या. आजारी माणसांना खाली आणायला प्रत्येक मजल्यावर एक जण नेमला गेला. तिसऱ्या मजल्यासाठी दीपिकाने आपणहून हात वर केला होता.

आज पुन्हा वादळ, भरदुपारीच गॅलरीत अंधार. जवळच हिंदमाताला रस्त्यावर पाणी भरलं, आणि खबरदारी म्हणून दुपारीच विजेचा सप्लाय बंद झाला.

आणि गेल्याच आठवड्यात रखमाकाकीने दीपिकाचं वॉशिंग मशीन गॅलरीतून हलवायला लावलं होतं. भर मीटिंगमध्ये. "गॅलरीत माणसांनी चालायचा की हिची मशीन ठेवायची?" असं म्हणाली होती आणि सगळे हसले होते. मशीन आता दीपिकाच्या आईकडे पडून होतं. खोलीत त्याला जागाच नव्हती.

बसू दे जरा, दीपिकाला वाटलं. थोड्या वेळाने आणू. तिलाही कळू दे, माणसाची गरज कशी लागते ते.

तिने बाकीची दारं वाजवली. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या मीराबाईंना धरून खाली आणलं. कुणाची इन्सुलिन हॉलमधल्या फ्रीजमध्ये ठेवली. मग मोबाइल लावायला गर्दी झाली, चहा झाला, लहान मुलं पंख्याखाली भांडायला लागली. दीपिका सगळीकडे होती. "तू होतीस म्हणून गो, नायतर मी कसली उतरतंय," मीराबाई तिचा हात धरून म्हणाल्या. दीपिकाला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की वरचं ते दार ती खरोखरच विसरली.

बाहेर रात्र पडायला लागली तेव्हा मंडळाचा सेक्रेटरी विनीत तिच्याकडे आला. भिंतीजवळच्या एका रिकाम्या प्लगकडे बोट दाखवत म्हणाला, "दीपिका, हा पॉइंट रखमाकाकीचा. दुपारपासून कुणाला लावू दिलेला नाही. ती कुठाय?"

दीपिकाला वरचं दार आठवलं.

"आणते," एवढंच म्हणून ती जिन्याकडे धावली.

तिसऱ्या मजल्यावर वारा गॅलरीतून सरळ आत घुसत होता. रखमाकाकीचं दार सताड उघडं होतं. खोली रिकामी. पलंगावर वाफेचं मशीन तसंच पडलेलं. दीपिकाने हाका मारल्या. मोरीत पाहिलं. मग कठड्यावरून खाली टॉर्च मारला. तसं करताना आपण काय शोधतोय हे लक्षात आलं आणि तिने टॉर्च झटकन मागे घेतला.

तेवढ्यात गॅलरीच्या दुसऱ्या टोकाकडून घरघर ऐकू आली. तिकडे दीपिकाची खोली होती. नवरा, प्रफुल्ल, ऑफिसात अडकलेला. दार दुपारपासून लॅचवर बंद होतं. त्याच दाराला पाठ टेकून रखमाकाकी जमिनीवर बसली होती. तोंड उघडं, छाती भात्यासारखी खालीवर होत होती.

अशा अवस्थेतही भांडायला माझ्याच दारात आली, हा दीपिकाच्या मनात आलेला पहिला विचार.

"काकी, उठा. खाली चला."

रखमाकाकीने काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. श्वास पुरला नाही. तिने नुसतीच दीपिकाची मनगटं घट्ट धरली. ती सोडवून दीपिकाने काकीच्या खोलीतून वाफेचं मशीन आणून काखेत मारलं, तिला कमरेला धरून उभं केलं आणि एकेक पायरी उतरवायला लागली. म्हातारी हलकी होती. साडीतून हाडं लागत होती. अर्ध्या जिन्यात तिला खोकल्याची उबळ आली आणि दोघी भिंतीला टेकून थांबल्या. दीपिका एका गोष्टीचा विचार करत होती. श्वास परत आला की ही सगळ्यांसमोर काय बोलेल?

हॉलमध्ये विनीतने पुढे होऊन मशीन लावलं. मास्कमधून वाफ यायला लागली. बायका भोवती जमल्या.

"एवढा वेळ वर कशी राहिली ही?" विनीतने विचारलं. "दीपिका, तू गेली होतीस ना?"

सगळे तिच्याकडे बघत होते.

"गेले होते ना. दार वाजवलं, दोनदा," दीपिका म्हणाली. "काकींना ऐकूच आलं नाही."

"कान गेले वाटतं हिचे," कुणीतरी म्हणालं. दीपिकाने मान डोलावली.

रखमाकाकी डोळे मिटून श्वास घेत राहिली. छातीतली शिट्टी हळूहळू बारीक झाली. ओठांवर रंग आला. मग तिने डोळे उघडले. गर्दीत कुणाला तरी शोधलं. दीपिका दिसल्यावर तिने मास्क थोडा बाजूला केला. दीपिकाने खाली फरशीकडे बघितलं.

"बाय माझे, तू बरी आसस मा गो?" रखमाकाकी म्हणाली. "सगळ्यांका न्हेलंस आणि माझ्याकडे इलंस नाय, तेव्हाच माका वाटला, तुकाच कायतरी झाला. काळोखात तुझा दार ठोकून ठोकून दमलंय मी."