पहिला चेंडू केंड्रेलला

कोच बिडिक्सनी टोपी काढून छातीशी धरली आणि बंद दाराला उद्देशून बोलायला सुरुवात केली.

“केंड्रेल, बाळा, मी तुझा फार वेळ घेणार नाही.”

स्वयंपाकघरातून केंड्रेलची आई, मिस ओरेथा, म्हणाल्या, “बोला तुम्ही, कोच. ऐकतोय तो.”

कॉलेजच्या संघासाठी पोरं मिळवत हिंडणाऱ्या बिडिक्सना या घराची रीत ठाऊक झाली होती. गेल्याच आठवड्यात शेजारच्या राज्यातल्या कॉलेजचा कोच इथे येऊन गेला होता. त्यानं केळ्याचं पुडिंग दोनदा मागून खाल्लं आणि मग, पोराला एकदा समोर तर बघू द्या, म्हणत दारावर टकटक केली. मिस ओरेथांनी उरलेलं पुडिंग त्याला डब्यात भरून दिलं, गाडीपर्यंत पोचवलं आणि पुन्हा येऊ नका म्हणून सांगितलं. डबासुद्धा परत मागितला नाही.

तेव्हा बिडिक्स टकटक करणार नव्हते.

शाळकरी फुटबॉलपटूंच्या यादीत केंड्रेलच्या नावापुढे पाच तारे होते, याहून वरचा दर्जा नाही. त्या मोसमात अख्ख्या अलाबामात पाच तारे मिळालेली दोनच पोरं, तो आणि त्याचा मावसभाऊ टावोरिस. टावोरिस क्वार्टरबॅक, म्हणजे फेकणारा. केंड्रेल रिसीव्हर, म्हणजे डावीकडच्या कडेनं सुटायचं, समोरच्याला मागे टाकायचं आणि टावोरिसनं लांबवर फेकलेला चेंडू झेलायचा. घरामागच्या मोकळ्या रानात दोघांनी लहानपणापासून दुसरं काही केलंच नव्हतं. ऑक्टोबरनंतर केंड्रेल एकही सामना खेळला नव्हता, तरी त्याचे तारे हलले नव्हते.

आणि दोघांचं ठरलेलं होतं, जायचं तिथे जोडीनं. हेड कोचनं बिडिक्सना निघताना सांगितलं होतं, जोडी घेऊन ये, नाहीतर तूही येऊ नकोस. याआधी तीन कॉलेजांनी बिडिक्सना असंच न येण्याबद्दल सांगितलं होतं. चौथ्यांदा ऐकलं असतं तर सासऱ्याच्या गाद्यांच्या दुकानात बसावं लागलं असतं.

टेबलावर तळलेला मासा, हिरवी भाजी आणि मक्याचा पाव होता. टावोरिस मान खाली घालून जेवत होता. बिडिक्सचं त्या दुपारचं हे तिसरं जेवण, पण या धंद्यात नाही म्हणणं म्हणजे पोरगं घालवणं. त्यांनी बोलायचं म्हणून केंड्रेलची उंची विचारली आणि लगेच जीभ चावली.

“तेवढीच आहे,” मिस ओरेथा म्हणाल्या. त्यांनी एक ताट वाढलं, वरून चांदीचा कागद लावला आणि दारापाशी नेऊन ठेवलं. तो उशिरा जेवतो म्हणे.

मग त्यांनी विचारायला घेतलं. वसतिगृहात त्याला वेगळा पलंग मिळेल का, थंडीत खोली गरम असते का, रविवारी चर्चला कोण नेईल, पाठीवर आकडा कोणता. बिडिक्स सगळ्याला हो म्हणत गेले. पलंग टावोरिसच्या शेजारी, आकडा एक, आणि चर्चला ते स्वतः नेणार होते, जिथे ते लग्नानंतर गेले नव्हते.

“आणि खेळवणार कधी? तो पुडिंगवाला म्हणत होता, पहिलं वर्ष बाकावर, मग बघू. माझं पोरगं बाकावर बसणारं नाही, कोच.”

“पहिल्याच सामन्यात, मिस ओरेथा. पहिलाच चेंडू.”

टावोरिसनं पहिल्यांदा मान वर केली. “शब्द देताय ना? मग मावशीकडे बघून नको. त्याच्याकडे बघून द्या.”

बिडिक्स खुर्चीतून उठले आणि पुन्हा दाराकडे वळले.

“केंड्रेल, पहिला चेंडू तुझा. डावीकडची जागा तुझी. तिथे दुसरं कुणी उभं राहणार नाही.”

आत पलंग करकरला. कुणीतरी उठून बसावं तसा.

टावोरिसचं चावणं थांबलं. मग तो हसला आणि त्यानं आणखी एक मासा ओढून घेतला. बिडिक्सनी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. तो रिकामा होता, तरी ते बराच वेळ पीत राहिले.

“हो म्हणतोय,” मिस ओरेथा म्हणाल्या आणि त्यांनी सही करायला पेन मागितलं.

परतताना गाडीत बिडिक्स स्वतःला समजावत राहिले. जुनी लाकडी घरं, थंडीची करकरतातच. हे त्यांनी माँटगोमरी येईपर्यंत समजावलं, आणि त्यानंतर रेडिओ मोठा केला.

सप्टेंबरातल्या पहिल्या शनिवारी, भर उन्हात, कॉलेजच्या स्टेडियममध्ये सत्तर हजार माणसं उभी राहिली. मिस ओरेथा पुढच्या रांगेत, चर्चची जांभळी टोपी घालून. निवेदकानं एकेक नाव वाचलं, तशी दहा पोरं मैदानात जाऊन आपापल्या जागी उभी राहिली. मग निवेदकानं घसा साफ केला.

“आणि डावीकडे, क्रमांक एक, दिवंगत केंड्रेल मॅकॅडरी.”

लोकांनी टोप्या काढल्या. डावीकडच्या जागेवर नुसतं गवत होतं. बिडिक्सनी समोरच्या संघाच्या कोचशी फोनवर सगळं ठरवून घेतलं होतं. टावोरिस रिकाम्या जागेकडे चेंडू फेकेल, त्या बाजूचा तुमचा पोरगा हात मागे बांधून उभा राहील, चेंडू जमिनीवर पडेल, आई रडेल, मग अकरावा आत येईल आणि सामना सुरू होईल. टावोरिसनं चेंडू हातात घेऊन डावीकडे पाहिलं. समोरचा पोरगा सांगितल्याप्रमाणे हात मागे बांधून उभा होता. मग त्यानं हात सोडले. तो चार पावलं मागे सरकला, गर्रकन वळला आणि जीव खाऊन पळत सुटला, आणि पळता पळता कुणाच्या तरी मागे पडत चालला.