गेलेल्या माणसाचे नाव

"ताई, कानात नाव सांगायला आत्याच लागते," म्हणत भावाने तिला बारशाला बोलावले होते. जातीबाहेर लग्न केले त्या दिवशीच बाबांनी तिच्या नावाने अंघोळ केली होती. तेव्हापासून हा उंबरा तिला पारखा होता.

"काय ठेवायचं?" पाळण्याशी वाकताना तिने विचारले.

भाऊ नजर चुकवत म्हणाला, "बाबांचा हट्ट आहे. घरातल्या गेलेल्या माणसाचंच नाव ठेवायचं म्हणतात. शाल्मली."

स्वतःचेच नाव तिने भाचीच्या कानात सांगितले. "कुर्रर्र! आम्हालाही ऐकू दे की, आत्याबाई!" म्हणत बायकांनी तिच्या पाठीत धपके घातले.

गर्दी सरल्यावर बाबा काठी टेकत आले. तिच्याकडे न पाहता ते पाळण्यावर ओणवले आणि त्यांनी हाक मारली, "शाल्मली..."

जुन्या सवयीने तिच्याच तोंडून निघून गेले, "ओ, बाबा!"