काळ्या नखांची मापं

"हात पुढे," मेट्रन बाई म्हणाल्या.

वॉर्डाच्या दारात आठ नर्सनी सोळा हात पुढे केले. हे रोजचंच होतं. बाई एकेक हात उलटसुलट करून बघत पुढे सरकायच्या आणि त्यांचे पांढरे बूट करकरायचे. नाड्यांना दुहेरी गाठ. तेवीस वर्षांत त्या बुटांवर कुणी डाग पाहिला नव्हता, की बाईंच्या ओठांवर हसू.

पाचव्या नर्सपाशी करकर थांबली.

"सिस्टर, हे काय?"

करंगळीच्या कडेला काळ्या रंगाचा ठिपका राहून गेला होता. ही पाचवी म्हणजे नखवाली. घरी बसून ती चिकटवायची नखं रंगवते म्हणून हे नाव पडलेलं.

"नाताळच्या संमेलनात नखांची स्पर्धा आहे ना, बाई. त्याचा रंग. घासून घासून धुतले हात, तरी..."

"नाताळला काळं? कोण गेलंय?"

रांगेत खसखस पिकली. नखवालीचे कान तापले, पण ती मागे हटली नाही. "सगळे लाल-हिरवं करतात, बाई. माझी काळी आहेत. जुन्या चर्चच्या कमानी, वटवाघळं, कोळ्याची जाळी."

"खुशाल करा. पण माझ्या वॉर्डात ज्या हाताच्या नखाला रंग दिसेल, तो हात पेशंटला लागणार नाही. आणि विश्रांतीच्या खोलीतला तुमचा तो डबा उचला. नुसता पसारा."

डब्यात मापाची कोरी नखं होती. शून्य नंबर सगळ्यात मोठं, नऊ नंबर सगळ्यात बारीक. ज्याने त्याने आपली मापं घ्यावीत म्हणून तिनेच तो तिथे ठेवला होता. गेले पंधरा दिवस डब्याला कुणी बोट लावलं नव्हतं.

खरी अडचण तीच होती. नखं करणारीने स्वतः घालायची नाहीत, दुसऱ्या कुणीतरी घालून परीक्षकांसमोर यायचं, असा नियम होता. चिकटवलेली नखं आठवडाभर निघत नाहीत आणि वॉर्डात तर हात कोरे हवेत. मग घालणार कोण? मागची तीन वर्षं हेच झालं. तिची नखं डबीतच राहिली आणि केसपेपरच्या खिडकीवरची बाई बर्फाच्या बाहुल्या रंगवून बक्षीस घेऊन गेली. नखवालीला बक्षिसाचं फारसं काही नव्हतं. आपण केलेलं एकदा तरी कुणीतरी अंगावर मिरवावं, एवढंच तिला वाटे. त्या एवढ्याशा गोष्टीपायी ती गेल्या नाताळात बाथरूममध्ये जाऊन रडली होती.

दुसऱ्या दिवशी डबा उचलायला गेली, तर झाकणावर चिठ्ठी.

"मी घालीन. लांब टोकं नकोत, आखूड ठेवा. डबी कपाटावर ठेवा." खाली मापं. नाव नाही.

चष्मेवाली तिची जिवाभावाची मैत्रीण. तिने आकडे वाचले आणि पोट धरून हसली. "अंगठा शून्य नंबर आणि करंगळी नऊ? अगं, अंगठा राक्षसाचा आणि करंगळी बाहुलीची! भूतच येणार तुझी नखं घालायला."

"भूत तर भूत," नखवाली म्हणाली. "घालतंय ना!"

ती झपाटल्यासारखी कामाला लागली. एवढा ऐसपैस अंगठा तिला आजवर मिळालाच नव्हता. त्यावर तिने चर्चची अख्खी उंच खिडकी काढली, आत रक्तासारखी लाल काच आणि एक वितळती मेणबत्ती. पुढच्या नखावर घंटेच्या जागी उलटं लटकलेलं वटवाघूळ. मग जाळं आणि जाळ्यात अडकलेली चांदणी. मग काटेरी काळी पानं. मसुराच्या डाळीएवढ्या करंगळीवर काळ्यात फक्त एक लाल फळ. रंगवताना श्वाससुद्धा रोखून धरावा लागला.

डबी कपाटावर ठेवली. सकाळी ती नव्हती.

त्या दिवशी हात तपासताना बाई जरा जपून चालत होत्या. "आज करकर कमी झाली," चष्मेवाली पुटपुटली. "नवे मोजे असतील." नखवालीचं लक्ष नव्हतं. ती रांगेतले हात बघत होती. सगळे कोरे.

संमेलन दुपारी जेवणघरात भरलं. परीक्षक होत्या त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाई. टेबलावर एकेक हात येऊन गेला. बर्फाच्या बाहुल्या, लाल टोप्या, हिरवी झाडं.

"पुढचा नंबर, काळा नाताळ. कोण घालून आलंय?"

कुणीच उठलं नाही. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं.

"दरवर्षीचंच आहे हे," केसपेपरवाली म्हणाली. "घालणारी नाहीच. खोडा नाव."

तेवढ्यात मागून करकर ऐकू आली आणि सगळ्यांच्या माना वळल्या. मेट्रन बाई टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. आता स्पर्धाच बंद करणार, असं प्रत्येकाला वाटलं. चष्मेवालीने नखवालीचा हात घट्ट धरला.

"खुर्ची द्या," बाई म्हणाल्या.

बसून त्यांनी आपले दोन्ही हात पुढे केले, उलटसुलट करून दाखवले. दहाही नखं कोरी, स्वच्छ.

"वॉर्डात हात कोरे हवेत," त्या नखवालीकडे बघून म्हणाल्या. "माझं म्हणणं तेवढंच होतं, सिस्टर."

मग त्या खाली वाकल्या, पांढऱ्या बुटांच्या दुहेरी गाठी सोडल्या, मोजे ओढून काढले आणि तेवीस वर्षांत पहिल्यांदा हसत दोन्ही पाय टेबलावर ठेवले.